व्हेंट पाइप वरून जातो

३ जानेवारी

संकल्प नाही. निर्णय. संकल्प मोडतात. या महिनाअखेर खालचं बाथरूम नवं करायचं आणि आईला खाली आणायचं.

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की आपण काही केलं नाही. आई वर धाकट्या भावाकडे असते. तिचे गुडघे गेलेत, जिना बंद. आमचं खालचं बाथरूम जुन्या पद्धतीचं, दोन पायऱ्या चढून उकिडवं बसायचं. ते तिला जमत नाही, म्हणून ती वर अडकली. आणि मी वर जात नाही, कारण माझी शपथ आहे. धाकट्याच्या टाकीचं पाणी ओसंडून माझ्या स्कूटरच्या सीटवर पडायचं. सांगायला गेलो तर म्हणे, दादा, पाणी खालीच येणार, तू स्कूटर हलव. पाणी खाली येतं हे मला सांगतो! तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवतोय मी. त्याच्या दारातच सांगितलं, तुझ्या जिन्याची पायरी पुन्हा चढणार नाही. दोन वर्षं झाली, चढलो नाही. शब्द म्हणजे शब्द.

आईशी बोलणं रोज होतं. ती गॅलरीत, मी अंगणात. मान अवघडते, पण बोलणं होतं. काल म्हणाली, अरे, एकदा आपल्या पायांनी फाटकापर्यंत जायचंय मला. रस्ता बघायचाय. इथून नुसती डोकी दिसतात माणसांची.

खाली आली की रोज जाईल. मीच नेईन.

४ जानेवारी

रोज लिहायचं. राग करायचा नाही. चहा कमी.

९ जानेवारी

मधले दिवस गडबडीचे गेले. प्लंबर ठरवला. फोन केला की म्हणतो, आलोच. म्हणून ही त्याला 'आलोच' म्हणते. सकाळी नऊला आलोच म्हणाला, दुपारी चारला आला. रागावलो नाही. म्हणजे त्याच्यावर नाही, हिच्यावर थोडा.

नकाशा मीच काढला, ग्राफपेपरवर. कमोड, बेसिन, शॉवर, आईला धरायला स्टीलचा दांडा. ही बघून म्हणाली, दार कुठंय? बायकांना चूक तेवढी दिसते. दार मागाहून काढता येतं.

१३ जानेवारी

तोडफोड सुरू. जुनं बाथरूम दिवसभरात भुईसपाट. संध्याकाळी लक्षात आलं की घरात आता दुसरं नाही.

ही वर जाते. शपथ तुमची, माझी नाही, म्हणे. मुद्दा बरोबर आहे. पण मनाला लागतं.

१४ जानेवारी

माझी सोय झाली. शाळा उघडायच्या आधी शाळेत जायचं. शिपाई विचारत होता, सर, आजकाल इतक्या लवकर? म्हणालो, कामाची ओढ. मुख्याध्यापिका बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. कष्ट वाया जात नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

शाळा बंद. दिवस अवघड गेला. तीनदा पेट्रोल पंपावर. तिसऱ्या खेपेला तिथला माणूस रोखून बघायला लागला, म्हणून पेट्रोल भरलं. आधीच्या दोन खेपांनाही भरलं होतं. स्कूटरच्या टाकीत आता थेंब मावत नाही.

२० जानेवारी

आज आलोचने भिंतीतला एक तुटका पाइप दाखवला आणि म्हणाला, साहेब, हा व्हेंट. मला सांगतो व्हेंट म्हणजे काय! मीच त्याला समजावलं. पाइपातून पाणी धो धो खाली गेलं की मागे हवा लागते. हवा मिळाली नाही तर ते वाटेतल्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. ट्रॅप म्हणजे जाळीखालचा वाकडा तुकडा. त्यात जे बोटभर पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवून धरतं. ते गेलं की गटार थेट घरात. म्हणून हवेला वरून वाट ठेवायची, गच्चीच्याही वर. ग्लास आणि स्ट्रॉ आणून प्रयोग करून दाखवला. झकास तास झाला. वर्गात हल्ली इतकं लक्ष कुणी देत नाही.

आलोच म्हणाला, मग जोडायलाच पाहिजे, साहेब.

जोड कुठे? तर वर. धाकट्याच्या बाथरूमच्या भिंतीत. त्याच्या दोन टाइल्स काढायच्या, तिथे आपला पाइप त्याच्या मोठ्या पाइपाला जोडायचा. त्याला विचारावं लागेल.

मी सांगितलं, व्हेंटची तशी गरज नसते.

२१ जानेवारी

ही म्हणते, फोन करून विचारा. थोरल्याने धाकट्याकडे हात पसरायचा? म्हणे मी विचारते. तिने विचारलं म्हणजे मीच विचारल्यासारखं. आलोच म्हणाला, मग पाइप बाहेरच्या भिंतीवरून वर नेऊ. पण बाहेरची भिंत वर गेली की तीही धाकट्याचीच. जिकडे जावं तिकडे हाच. हवा काय त्याच्या एकट्याच्या मालकीची आहे?

२५ जानेवारी

मार्ग सापडला. व्हेंट माळ्यावर सोडला. माळ्यावर काय, जादा गाद्या आणि पांघरुणं. त्यांना नाक नाही.

२८ जानेवारी

पांघरुणांना वास. नवीन बाथरूम अजून कुणी वापरलेलं नाही. म्हणजे वास वरच्यांचा, आणि तो माझ्या गाद्यांत. मी भोगायचं आणि त्यांनी फ्लश करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही पांघरुणं धूत होती. हिचं न बोलणं मोठ्याने असतं.

३१ जानेवारी

महिनाअखेर. बाथरूम तत्त्वतः पूर्ण. टाइल्स, कमोड, नळ आणि दार एवढंच राहिलं.

आईला अंगणातून सांगितलं, झालंच. म्हणाली, घाई नको, पण लवकर कर.

४ फेब्रुवारी

पाइप माळ्यावरून काढला. आता भिंतीतून बाहेर, पुढच्या बाजूने थोडा वर नेऊन मोकळ्या हवेत सोडला. तोंडाला जाळी. धाकट्याच्या गॅलरीच्या खाली हातभर थांबवला. म्हणजे त्याच्या भिंतीला स्पर्श नाही. कुणाच्या बापाला विचारायला नको. बाप एकच होता, ते वेगळं.

७ फेब्रुवारी

आई आज गॅलरीत आली नाही.

८ फेब्रुवारी

आजही नाही. गॅलरीचं दार बंद. मी दोन हाका मारल्या. भावजयीने खिडकी उघडली, माझ्याकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि खिडकी बंद केली. दिराला बघून नाकाला रुमाल! इतके दिवस निदान तोंडदेखलं हसायची. आता आईचे कान भरताहेत. मी खाली आणणार हे कळलं ना. पोटात दुखतंय.

९ फेब्रुवारी

ही म्हणाली, तुमचा पाइप त्यांच्या गॅलरीखाली ओकतोय. सासूबाईंची खोलीसुद्धा बंद ठेवावी लागते. मी म्हणालो, वाऱ्याची दिशा बघावी लागते, असं मोघम बोलून चालत नाही. अंगणात जाऊन बोट ओलं करून धरलं. बोट गार पडलं, दिशा कळली नाही. वास आला. पण तो रस्त्यावरचाही असू शकतो.

१० फेब्रुवारी

पाइपाच्या तोंडावर झाकण घट्ट बसवलं. वास बंद. प्रश्न संपला. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक टाइल्स फोडतात.

आलोच म्हणाला, साहेब, झाकण लावलं म्हणजे पाइप असून नसल्यासारखा. मी म्हणालो, पाइप आहे की नाही? आहे. कुणीही येऊन बघावा. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. हे त्याचं मला आवडतं.

संध्याकाळी आई गॅलरीत आली. बारीक वाटली. वरचं खाणं.

१५ फेब्रुवारी

बाथरूम पूर्ण. दारासकट. दार बाहेर उघडतं, कारण आत उघडलं तर कमोडला लागतं. हे नकाशात नव्हतं, पण आपण लवचीक असावं. पहिला मान मी घेतला. फ्लश उत्तम. आता शाळेत पूर्वीच्या वेळेला जाईन. शिपायाला चुकल्यासारखं वाटेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई खाली आली!

एका बाजूने धाकटा, एका बाजूने भावजय, एकेक पायरी. मी खाली उभा. शेवटच्या पायरीवर आई थांबली, मी हात पुढे केला, तिने धरला. धाकटा म्हणाला, दादा. पुढे काही बोलणार होता. मी आईची काठी शोधत होतो.

आधी फाटक, असं तिने ठरवूनच ठेवलं होतं. अंगण ओलांडायला किती वेळ लागला कोण जाणे. फाटकाला धरून उभी राहिली. कोपऱ्यावरचं दुकान नवं का, विचारलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे बघत होती. एका अनोळखी बाईला म्हणाली, बरी आहेस ना? ती बाईही म्हणाली, बरी आहे, आजी.

मला रडू आलं. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

१७ फेब्रुवारी

सकाळी आई आत असताना धाकट्याने वर फ्लश केला. खाली जाळीतून गुडगुड गुडगुड, आणि कमोडमधून एक मोठा ढेकर. आई दांडा धरून ओरडली. बाहेर आली ती भिंत धरून. म्हणे खालून काहीतरी बोलतंय.

बरोबर ती आत असतानाच. मुद्दाम. याला म्हणतात घरभेदी.

१९ फेब्रुवारी

वास. थोडा. बंद दाराआड अजून थोडा. फिनाइल टाकलं, आता फिनाइलचा आणि तो, असे दोन आहेत. कारण साधं आहे. वरचा फ्लश माझ्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो. उपायही साधा. वर फ्लश झाला की खाली जाळीत एक मग पाणी ओतायचं. प्लॅस्टिकचा मग दारापाशीच ठेवला. आवाज आला की मी धावतो. आज चहा अर्धवट टाकून गेलो, दाढी अर्धवट टाकून गेलो. व्यायामही होतो.

मी शाळेत असताना हे काम हिने करावं, असं सुचवलं. ही म्हणाली, दिराच्या पोटाची चौकीदारी मी करणार नाही.

२३ फेब्रुवारी

आईला विचारलं, काही त्रास? म्हणाली, काही नाही रे, छान आहे, टाइल्सचा रंग किती छान आहे. बघा. ज्यांच्यासाठी केलं त्यांना पटलंय, बाकीच्यांनाच पोटशूळ.

दुपारचा चहा नको म्हणाली. वय झालं की चहा सुटतो. माझा सुटत नाही.

२४ फेब्रुवारी

आई फाटकापर्यंत आली नाही. उद्या जाऊ म्हणाली.

२६ फेब्रुवारी

हिने आज तोंड सोडलं. म्हणे, सासूबाई पाणी पीत नाहीत. आत जायला लागू नये म्हणून. दिलेला ग्लास खिडकीतल्या कुंडीत ओततात, मी डोळ्यांनी बघितलं. मी म्हणालो, कुंडीला पाणी घालत असतील. ही म्हणाली, तीस वर्षं मुलांना काय शिकवलंत तुम्ही?

आईला जाऊन विचारलं. तिने पुन्हा टाइल्सचं कौतुक केलं.

कुंडीतलं झाड मात्र जोरात आहे.

१ मार्च

आई फाटकाशी चक्कर येऊन बसली. मी धरलं होतं म्हणून पडली नाही. डॉक्टर येऊन गेले. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाले. मला बाजूला घेऊन विचारलं, घरात प्यायला पाणी देता ना? मला! मी मान खाली घातली, कारण चपलेचा पट्टा सुटला होता.

धाकटा खाली आला. माझ्या घरात, दोन वर्षांनी. शपथ माझी होती, त्याची नव्हती, तो इतके दिवस का आला नाही हा वेगळा मुद्दा. तो म्हणाला, दादा, टाइल्स मी जानेवारीतच काढून ठेवल्यात. आलोच आला होता वर, त्याने जागा दाखवली. भिंतीला भोक तसंच आहे. फडकं कोंबून आंघोळी करतोय आम्ही. तू कधी सांगशील म्हणून थांबलो होतो.

भोक जानेवारीपासून. हिला माहीत, ही रोज वर जात होती. आलोचला माहीत. भावजयीला तर असणारच. आईला माहीत. फक्त मला नाही. याला कट नाही तर काय म्हणतात? ही म्हणाली, दोनदा सांगायला आले, दोन्ही वेळा तुम्ही विषय काढू नकोस म्हणालात. म्हणालो असेन. ती विषय कोणता हे कुठे सांगत होती?

धाकटा म्हणाला, उद्याच जोडून टाकू. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आई पडल्या पडल्या म्हणाली, थांबा. तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, आधी तू वर जा. भावाच्या घरी बस. त्याच्याकडचा चहा पी. मग पाइप जोडा. मग मी इथेच राहते, मरेपर्यंत.

मी म्हणालो, हो.

३ मार्च

जाणार. उद्या.

४ मार्च

पेपर तपासायचे होते. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

आईला ही चमच्याने पाणी पाजते. आत जाताना आई हिचा हात धरते आणि दुसऱ्या हाताने नाक.

५ मार्च

निघालो होतो. स्वच्छ शर्ट घालून निघालो होतो. जिन्यापाशी स्कूटर होती, सीट ओली होती. वरून थेंब थेंब चालूच. दोन वर्षांत टाकीला एक बॉल कॉक लावता आला नाही याला, आणि मी चहा प्यायला जायचं! परत आलो. आई दाराकडे बघत होती. म्हणालो, त्यांच्याकडे कुणीतरी आलंय बहुतेक.

७ मार्च

तडजोड सुचवली. धाकट्याने खाली यावं, चहा इथे व्हावा. चहा तोच, भाऊ तेच, फरक फक्त उंचीचा. आईने कूस बदलली. ही म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हण सुंभाला लागू आहे, तत्त्वाला नाही.

धाकटा आलाच होता खाली. दारात उभा राहून म्हणाला, दादा, मी तुला हात धरून नेतो. मी काय लहान आहे?

९ मार्च

नीट विचार केला. आज गेलो तर दोन वर्षं गेलो नाही ते चूक ठरेल. दोन वर्षं म्हणजे थोडी नाहीत. ती अशी वाया घालवता येत नाहीत. आईला हे आतून पटलेलं आहे, फक्त बोलून दाखवत नाही. आज अजिबातच बोलली नाही.

जाळीत मगभर पाणी ओतायची व्यवस्था चालू आहे.

१२ मार्च

आई वर गेली.

सकाळी तिनेच सांगितलं. आवाज चढवला नाही, काही नाही. हिला म्हणाली, मला वर पोचवा. तिथे पोटभर पाणी तरी पिईन. मी म्हणालो, आई, उद्या नक्की. ती म्हणाली, बरं. आणि तयारी करत राहिली. डॉक्टरांनी धाकट्याला फोनवर सांगितलं, न्या, पण पुन्हा चढउतार नको. म्हणजे आता फाटक नाही. मी हे आईला सांगणार होतो. तिला माहीत होतं. सकाळी उठून हिला घेऊन तेवढं एकदा जाऊन आली होती. मला उठवलं नाही.

चालवत नेणं शक्य नव्हतं, म्हणून लाकडी खुर्चीत बसवली. पुढे धाकटा आणि आलोच, मागे भावजय आणि ही. चार पायांना चौघं. मी मध्ये कुठे हात लावता येतो का बघत होतो. खुर्ची जिन्यात शिरली आणि आलोचचा फोन वाजला. त्याने खांद्याने उचलायचा प्रयत्न केला, खुर्ची कलली, भावजय ओरडली. मी पुढे झालो. पाय पहिल्या पायरीजवळ होता. ठेवणार होतो. खरंच ठेवणार होतो.

आईने वळून बघितलं. म्हणाली, नको, तुझी शपथ मोडेल. तू जिन्याचं दार धर, आपोआप लागतं ते.

मी दार धरलं. कुणीतरी धरायलाच हवं होतं. खुर्ची वळणावर गेली, मग दिसेना. वर धाकटा कुणाला तरी पाणी आणायला सांगत होता. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो, मग दार सोडलं.